यंत्र मराठी बोलते, पुस्तक केव्हा बोलणार?

सीमाभागातील भाषाप्रश्नाची चर्चा निघाली की ती फिरून फिरून चार मुद्द्यांपाशी येऊन थांबते. शाळेचे माध्यम, कचेरीतील अर्जाची भाषा, गावच्या पाट्या आणि मराठी शिक्षकांच्या रिकाम्या जागा. हे चारही मुद्दे खरे आहेत आणि ते मांडत राहणे हे आमचे कर्तव्यच आहे. परंतु आता त्यांच्या जोडीला एक पाचवा मुद्दा येऊन बसला आहे आणि त्याकडे भाषेचा प्रश्न म्हणून पाहण्याची सवय आपल्याला अजून झालेली नाही. तो मुद्दा म्हणजे संगणक शिकण्याचे पुस्तक. मूल संगणकापुढे बसते तेव्हा कोणत्या भाषेतील पुस्तक उघडून बसते, हा तो प्रश्न. आम्ही शिक्षक आहोत, संगणकतज्ज्ञ नव्हे. तेव्हा हा लेख यंत्राविषयी कमी आणि पुस्तकाविषयी अधिक आहे, हे सुरवातीलाच सांगून टाकतो.

तुकईथड हे गाव बऱ्हाणपूर जिल्ह्याच्या खकनार तहसिलीत येते. खंडवा-अकोला या जुन्या मीटरगेज मार्गावरचे स्टेशन म्हणून जुन्या प्रवाशांना ते ठाऊक असेल. पलीकडे मेळघाटचा डोंगर आणि धारणी तालुका, म्हणजे महाराष्ट्र. गावाच्या नावातली 'तुकई' आणि 'थड' हे दोन्ही शब्द मराठी कानाला परके नाहीत. येथे अनेक घरांतून मराठी बोलली जाते, तीही वऱ्हाडी वळणाची. शाळेत आणि कचेरीत हिंदी आहे. डोंगराकडच्या वस्त्यांमध्ये कोरकू आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि निमाड मध्य प्रदेशात राहिला. त्यापूर्वी, म्हणजे नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात, १९५० च्या कायद्याने हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. रेषा ओढली गेली तेव्हा माणसे जागची हलली नाहीत. त्यांची भाषा मात्र कचेरीतून उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन बसली.

कापडाखालचे संगणक

आमच्या परिसरातील शाळांमधून फिरले की एक देखावा हमखास दिसतो. एका खोलीत तीन-चार संगणक, त्यांवर कापड आणि कापडावर धूळ. यंत्र मोडलेले नसते. त्यावरची कार्यप्रणाली, म्हणजे ज्याला आपण ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतो ती, जुनी झालेली असते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० ला दिला जाणारा सर्वसाधारण आधार थांबवला. पुढची विंडोज ११ चालवायची तर ठराविक नव्या पिढीचा प्रोसेसर आणि सुरक्षेची एक वेगळी चिप लागते. आमच्याकडील पुष्कळ यंत्रांत ती नाही. म्हणजे यंत्र धडधाकट आणि तरीही निवृत्त, असा हा प्रकार आहे.

याला दुसरा मार्ग आहे आणि तो नवा नाही. २७ सप्टेंबर १९८३ रोजी अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' हा प्रकल्प जाहीर केला. वापरण्याचे, अभ्यासण्याचे, वाटण्याचे आणि बदलण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला असेल अशी कार्यप्रणाली तयार करायची, हा त्यामागचा हेतू. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स याने 'लिनक्स' हा गाभा लिहून लोकांपुढे ठेवला. या दोन्हींच्या मिलाफातून जी कार्यप्रणाली उभी राहिली ती आज जगभर चालते. तिचे अनेक संच निघाले. त्यांपैकी 'डेबियन' हा १९९३ साली सुरू झालेला आणि संपूर्णपणे स्वयंसेवकांनी चालवलेला संच. आपल्या सरकारच्या सीडॅक संस्थेने २००७ साली काढलेला 'बॉस' हा संचही डेबियनवरच उभा आहे. पैसे पडत नाहीत, परवान्याची मुदत संपत नाही आणि जुन्या यंत्रावरही तो बऱ्यापैकी चालतो.

आणखी एक गोष्ट आहे, आणि भाषेच्या दृष्टीने तीच महत्त्वाची. डेबियन बसवताना पहिलाच प्रश्न भाषेचा येतो आणि त्या यादीत मराठी आहे. मराठी निवडली, देश भारत निवडला की पुढचे प्रश्न मराठीतून येऊ लागतात. कोणत्या तरी अनाम मराठी स्वयंसेवकांनी ही वाक्ये कधीतरी बसून भाषांतरित केली आहेत. त्यांना आमचा नमस्कार असो. मात्र बसवताना ग्राफिकल म्हणजे चित्ररूप पद्धत निवडावी लागते, कारण निव्वळ अक्षरी पडद्यावर देवनागरीची जोडाक्षरे नीट मांडता येत नाहीत.

तर यंत्र मराठी बोलू लागले. मग अडले कोठे? अडले पुस्तकापाशी.

पुस्तकाची गोष्ट

आमच्या समितीतील आम्ही काही शिक्षकांनी ही कार्यप्रणाली शिकायची ठरवली तेव्हा जे पुस्तक हाती घेतले ते इंग्रजी होते. 'द डेबियन ॲडमिनिस्ट्रेटर्स हँडबुक' हे त्याचे नाव. राफाएल हर्टझॉग आणि रोलाँ मास या दोन फ्रेंच गृहस्थांनी ते लिहिले. मूळ पुस्तक फ्रेंच भाषेत २००४ साली निघाले. त्याचे इंग्रजी भाषांतर करण्यासाठी त्यांनी लोकांकडून वर्गणी गोळा केली आणि २०१२ साली ते इंग्रजीत प्रसिद्ध झाले. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण ज्या पुस्तकाला आपण इंग्रजी समजून घाबरतो ते मुळात इंग्रजी नव्हतेच. फ्रेंच माणसाने आपल्या भाषेत लिहिले, मग ते जगाच्या भाषेत गेले. ज्ञानाची वाट नेहमी इंग्रजीतूनच निघते असे मानणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

दुसरी नोंद घेण्यासारखी गोष्ट परवान्याची. हे पुस्तक छापण्यास, वाटण्यास, भाषांतर करण्यास आणि आपल्या गरजेप्रमाणे बदलण्यास परवानगी आहे, असे पुस्तकातच लिहिलेले आहे. अट एवढीच की मूळ लेखकांचा उल्लेख करावा आणि आपले भाषांतरही तशाच परवान्याखाली मोकळे ठेवावे. स्टॉलमन यांनी फार पूर्वीच म्हणून ठेवले आहे की मुक्त आज्ञावलीला मुक्त पुस्तकही हवे. त्यासाठी खास पुस्तकांकरिता असा वेगळा परवाना त्यांच्या संस्थेने २००० साली काढला. यातील व्यवहार साधा आहे. यंत्रावरची आज्ञावली फुकट, पण ती समजावणारे पुस्तक कुलुपात, असे झाले तर त्या फुकटाचा उपयोग कोणाला? ज्याला आधीच येते त्यालाच.

मूळ पुस्तक चांगले जाडजूड आहे. आम्ही त्यातील बसवण्याचे प्रकरण, अडचणी सोडवण्याचे प्रकरण आणि प्राथमिक मांडणीचे प्रकरण एवढेच छापून घेतले, त्यांना पुठ्ठा लावून शिवून घेतले आणि दर रविवारी बसू लागलो. लवकरच ध्यानात आले की नवशिक्याने हे पुस्तक मागून वाचावे. शेवटी एक परिशिष्ट आहे, त्यात प्राथमिक उजळणी दिली आहे. फाईल कोठे असते, एका कप्प्यातून दुसऱ्यात कसे जावे, नक्कल कशी करावी, पुसावे कसे. हे परिशिष्ट झाल्यावर पहिली प्रकरणे सोपी जातात.

बी.एड. च्या वर्गात आम्हाला एक सूत्र शिकवले होते, परिचिताकडून अपरिचिताकडे. हे पुस्तक ते सूत्र पाळते. त्यात फाल्कॉट नावाची एक काल्पनिक कंपनी घेतली आहे आणि तिच्या कचेरीत संगणक बसवत बसवत सगळा विषय उलगडला आहे. फ्रेंच वाचकाला कंपनी परिचित आहे. आमच्या मुलाला ती परिचित नाही. त्याला परिचित आहे ती शाळा, ग्रामपंचायत, सोसायटी, केळीचा आणि कपाशीचा हिशोब. तेव्हा मराठी पुस्तक करायचे तर शब्दाला शब्द ठेवून भागणार नाही. फाल्कॉट कंपनीच्या जागी एक शाळा बसवावी लागेल, हजेरीपट फाईल म्हणून दाखवावा लागेल आणि शेताच्या बांधावरून कप्प्याची कल्पना द्यावी लागेल. परवाना तशी मुभा देतो. मग हात कोणी धरले आहेत?

छापीलच का हवे?

आमचे तरुण सहकारी विचारतात, सर, हल्ली सगळे मोबाईलवर मिळते, कागद कशाला? प्रश्न वाजवी आहे. मुंबईच्या आयआयटीने 'स्पोकन ट्युटोरियल' या प्रकल्पात लहान लहान ध्वनिचित्र-पाठ तयार केले आहेत, त्यांत लिनक्सचे पाठ आहेत आणि मराठीतूनही बरेच पाठ आहेत. काम मोलाचे आहे आणि ज्यांच्याकडे सोय आहे त्यांनी ते अवश्य वापरावे. परंतु छापील पुस्तकाची जागा त्याने भरत नाही, असे अनुभवावरून आम्ही म्हणतो. कारणे अशी.

पहिले, कार्यप्रणाली बसवताना यंत्र स्वतःच रिकामे असते. शिकवणारा पाठ त्याच यंत्रात असेल तर तो त्या घटकेला मिटलेला असतो. विहिरीत उतरणाऱ्याचा दोर विहिरीबाहेरच बांधलेला हवा. पुस्तक हा तो दोर. दुसरे, डोंगराच्या पायथ्याला वीज आणि रेंज या दोघींचे येणे-जाणे आपापल्या मर्जीने चालते. पुस्तकाला दोघींचीही गरज नाही. तिसरे, एका संगणकामागे दहा मुले असतात. एकाचा हात कळफलकावर असतो, बाकीची नऊ पुस्तकात पाहून त्याला सांगतात आणि शिकतात. मोबाईलच्या पडद्यावर नऊ डोकी मावत नाहीत. चौथे, पुस्तकाला समास असतो. कोणत्या यंत्रात काय बिघडले, कोणत्या पानावरच्या उपायाने सुधारले, हे आम्ही समासात पेन्सिलीने लिहीत गेलो. वर्षभरात ते पुस्तक त्या खोलीचा दप्तरखाना होऊन बसले.

छापील पुस्तकाची उणीवही सांगितली पाहिजे. ते शिळे होते. आमच्या हाती आलेली आवृत्ती डेबियन ११ वर बेतलेली, म्हणजे २०२१ ची. डेबियनचा नवा संच साधारण दोन वर्षांनी निघतो. १२ वा जून २०२३ मध्ये आला, १३ वा ऑगस्ट २०२५ मध्ये. ११ व्या संचापर्यंत वायफायच्या काही भागांना लागणारी आज्ञावली अधिकृत संचात नसे, ती वेगळी शोधून आणावी लागे. १२ पासून ती संचातच येऊ लागली. पुस्तकाप्रमाणे चालणारा माणूस ती उगाच शोधत बसेल. तसेच अगदी जुन्या, ३२ बिटच्या यंत्रावर १३ वा संच नव्याने बसवता येत नाही. म्हणून पुस्तक हाती घेताना मुखपृष्ठावर कोणत्या संचाचे ते आहे हे आधी पाहावे. आणि पान उघडण्यापूर्वी यंत्रातील कामाच्या फाईली दुसरीकडे उतरवून ठेवाव्यात. डिस्कचे भाग पाडताना जुने सगळे पुसले जाते, हे पुस्तक बजावून सांगते, पण घाईतला माणूस नेमका तोच परिच्छेद वगळतो.

तरीही पुस्तकाचा मोठा भाग शिळा होत नाही, हेही तितकेच खरे. या सगळ्या कार्यप्रणालींचा पूर्वज 'युनिक्स'. तो १९६९ साली अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये जन्मला. त्याची पहिली छापील पुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ ची आहे, केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांची. त्या पुस्तिकेत यादी दाखवणारी 'एलएस', नक्कल करणारी 'सीपी', फाईल हलवणारी 'एमव्ही', पुसणारी 'आरएम' या आज्ञा आहेत. आज आमच्या तुकईथडीच्या मुलाने त्या लिहिल्या तर त्या तशाच चालतात. अर्ध्या शतकाहून अधिक काळ टिकलेला धडा शिळा कसा म्हणावा? आणि याच परंपरेतून 'मॅन' ही आज्ञा आली आहे. मॅन म्हणजे मॅन्युअल, पुस्तिका. मॅन लिहून पुढे दुसऱ्या आज्ञेचे नाव लिहिले की तिची माहिती पडद्यावर येते. म्हणजे पुस्तक हे या यंत्राचे मागाहून जोडलेले शेपूट नव्हे, ते त्याच्या घडणीतच आहे.

हिंदी पुस्तक चालणार नाही का?

हा प्रश्न आम्हाला प्रत्येक बैठकीत विचारला जातो, आणि तो कुत्सितपणे विचारला जातो असे आम्ही मानत नाही. हिंदीशी आमचे वैर नाही. आमची मुले हिंदीतून शिकतात, आम्हीही हिंदीतून शिकवतो. लिपी एकच, मग वेगळे पुस्तक कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर भावनेने नव्हे, कळफलकावर बोट ठेवून देता येते.

आमच्या जिल्ह्याचे नावच घ्या. हिंदीत ते 'बुरहानपुर' असे लिहितात. मराठीत आपण 'बऱ्हाणपूर' लिहितो. यातला 'ऱ्ह' हिंदीच्या पुस्तकात सापडत नाही, कारण हिंदीला त्याची गरज नाही. मराठीला मात्र त्यावाचून चालत नाही. आचार्यास दक्षिणा देणे वेगळे आणि आचाऱ्यास देणे वेगळे. मुलाने 'सातपुड्याच्या दऱ्या' असे लिहायला जावे आणि पडद्यावर 'दर्या' उमटावा, म्हणजे डोंगरात समुद्र! सरकारमान्य इनस्क्रिप्ट कळफलकावर याची सोय आहे. इंग्रजी 'जे' च्या कळीवर र आहे, तीच कळ शिफ्टसह दाबली की नुक्त्याचा ऱ येतो. त्यानंतर 'डी' च्या कळीवरचा हलन्त आणि मग पुढचे अक्षर दिले की हवे ते जोडाक्षर तयार. ल च्या कळीवरच शिफ्टसह ळ आहे. हे दोन ओळींचे ज्ञान आहे, पण ते ज्या पुस्तकात छापलेले नाही त्या पुस्तकावर शिकलेले मूल जन्मभर असेच समजेल की संगणकावर मराठी नीट लिहिता येत नाही. दोष पुस्तकाचा, आणि बोल भाषेला!

तीच गोष्ट 'ॲ' ची. 'ॲडमिशन' मधला हा स्वर युनिकोड या जागतिक अक्षरसंचात २००८ साली स्वतंत्र अक्षर म्हणून दाखल झाला. तीच गोष्ट ल आणि श च्या वळणाची. महाराष्ट्र शासनाने २००९ साली प्रमाण वर्णमालेचा निर्णय काढला त्यात मराठी वळणाचे ल आणि श आहेत. चांगल्या टंकात ही दोन्ही वळणे असतात आणि यंत्राची भाषा मराठी ठेवली की मराठी वळण उमटते, हिंदी ठेवली की हिंदी. रेड हॅट कंपनीने २००४ साली 'लोहित' नावाचे मुक्त टंक भारतीय भाषांसाठी खुले केले, त्यांत मराठीचाही आहे. म्हणजे यंत्र घडवणाऱ्यांनी मराठी आणि हिंदी या दोन भाषा आहेत हे ओळखले, त्याप्रमाणे सोय केली. ओळखायचे राहिले ते पुस्तके मागवणाऱ्यांनी.

कासरगोडची मुले

हे सगळे स्वप्नरंजन आहे असे कोणी म्हणेल तर त्याला आम्ही केरळकडे बोट दाखवू. त्या राज्याने २००१ साली 'आयटी ॲट स्कूल' हा प्रकल्प सुरू केला आणि काही वर्षांतच सरकारी शाळांमध्ये मुक्त कार्यप्रणाली आणली. २०१७ साली त्या प्रकल्पाचे 'काइट' या सरकारी कंपनीत रूपांतर झाले. २०१९ मध्ये नवा संच काढताना तो राज्यातील दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांवर बसवणार असल्याचे तेथे जाहीर करण्यात आले. पण आमचे लक्ष वेधले ते संगणकांच्या संख्येने नव्हे. केरळने या विषयाची शालेय पाठ्यपुस्तके छापली, ती मल्याळम आणि इंग्रजीबरोबरच तमीळ आणि कन्नड माध्यमांसाठीही.

कन्नड कोणासाठी? कासरगोडसाठी. कासरगोड हा केरळच्या उत्तर टोकाचा, कर्नाटकाला लागून असलेला भाग. तोही १ नोव्हेंबर १९५६ रोजीच केरळात गेला. त्याच दिवशी, त्याच कायद्याने, जसा आमचा निमाड मध्य प्रदेशात राहिला. तेथील कन्नड भाषकांचे राज्याशी वाद नाहीत असे नाही. पुष्कळ आहेत आणि जुने आहेत. परंतु तेथील कन्नड माध्यमाचे मूल संगणकाच्या तासाला कन्नड पुस्तक उघडते. एकाच तारखेची दोन भावंडे, एकाच्या हाती पुस्तक आहे आणि एकाच्या नाही. हा फरक यंत्राचा नाही, इच्छेचा आहे.

कायदा आपल्या बाजूने आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-अ घटनेत आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक पायरीवर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे ते सांगते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही मातृभाषेचा पुरस्कार आहे. आणि खुद्द आमच्या मध्य प्रदेश सरकारनेच ऑक्टोबर २०२२ मध्ये भोपाळला वैद्यकीय अभ्यासक्रमाची हिंदी पुस्तके प्रसिद्ध करून देशात पहिला मान मिळवला. आम्ही त्याचे मनापासून स्वागत केले होते. शरीरशास्त्रासारखा अवघड विषय आपल्या भाषेतील पुस्तकाने सोपा होतो, हे ज्या सरकारला पटले आहे, त्याला संगणकाची लहानशी पुस्तिका पटवून देण्यासाठी फार युक्तिवाद लागू नये.

आम्ही एका कचेरीत याविषयी अर्ज दिला होता. अर्ज मराठीत असल्याने तो हिंदीत करून आणण्यास सांगण्यात आले. हिंदीत करून दिला. मग विषय कोणत्या विभागाचा हे ठरेना, भाषेचा की संगणकाचा. तो अद्याप ठरलेला नाही. कदाचित अडचण खरोखरच तेथे आहे. भाषेच्या माणसाला संगणक परका वाटतो आणि संगणकाच्या माणसाला भाषा हा विषयच वाटत नाही.

आरसा आपल्याकडेही धरू

आता एक गोष्ट अशी सांगतो जी आपल्यापैकी काहींना रुचणार नाही. तुकईथडच्या आसपास मराठी ही अल्पसंख्याकांची भाषा असेल, पण ती दुबळी भाषा नाही. तिच्यामागे एक मोठे राज्य आहे, शेकडो वर्षांचे वाङ्मय आहे, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने तिला अभिजात भाषेचा दर्जाही दिला आहे. यंत्राच्या यादीत ती आहे. कोरकू त्या यादीत नाही. मुंडा कुळातील ही भाषा २०११ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे सात लाख लोक बोलतात. मेळघाट, बऱ्हाणपूर, खंडवा, बैतूल या पट्ट्यात ती पसरली आहे. तिच्या बोलणाऱ्यांना रेषेच्या अलीकडे हिंदी आणि पलीकडे मराठी. दोन्हीकडे ते पाहुणेच.

आम्ही हिंदीपुढे जी तक्रार करतो तीच तक्रार कोरकू मूल आमच्यापुढे करू शकते. आमच्याजवळ त्याचे उत्तर असले पाहिजे. मुक्त कार्यप्रणालीत एखादी नवी भाषा घालण्यास कोणा कंपनीची परवानगी लागत नाही. कोरकू देवनागरीत लिहिली जाते, म्हणजे टंक आणि कळफलक तयार आहेत. लागतात ती कोरकू जाणणारी माणसे आणि त्यांच्याशेजारी बसणारे चार शिक्षक. आमच्या पुस्तिकेत निदान पहिल्या धड्याचे शब्द, म्हणजे चालू कर, बंद कर, उघड, जतन कर, हे कोरकूतही छापावेत असा आमचा आग्रह आहे. आपल्या भाषेसाठी मागताना शेजाऱ्याच्या भाषेला विसरलो तर आपली मागणी न्यायाची उरत नाही, ती नुसती हिश्श्याची होते.

काय करता येईल

नुसती गाऱ्हाणी मांडून थांबू नये, म्हणून योजना मांडतो. चौसष्ट पानांची मराठी पुस्तिका करावी. पहिली सोळा पाने, यंत्र आणि फाईल यांची ओळख. पुढची सोळा, कार्यप्रणाली बसवणे, चित्रांसह आणि पायरीपायरीने. तिसरी सोळा, मराठी लिहिणे, इनस्क्रिप्ट कळफलकाचा तक्ता आणि सरावाचे उतारे. शेवटची सोळा, अडचणी आणि उपाय, त्यात प्रत्येक पानावर मोकळा समास. शब्द लोकांच्या तोंडचे ठेवावेत. फाईलला धारिका आणि माऊसला मूषक म्हणण्याचा हट्ट धरू नये. मुलाला फाईल हा शब्द घरी ठाऊक असतो, धारिका हा शब्द त्याला गुरुजींनाही विचारावा लागतो आणि गुरुजींना कोश पाहावा लागतो. मराठी पुस्तक म्हणजे मराठी वाक्यरचना, मराठी उदाहरण आणि मराठी विचार. शब्द चार बाहेरचे असले तरी भाषा बाटत नाही.

दर दोन वर्षांनी नवा संच आला की एक चारपानी पुरवणी छापून पुस्तिकेच्या शेवटी चिकटवावी, म्हणजे पुस्तक शिळे होण्याचा दोष उरणार नाही. पुस्तिकेवर मुक्त परवाना छापावा, म्हणजे बेळगाव, बीदर, आदिलाबाद, गोवा, जेथे जेथे मराठी मूल दुसऱ्या भाषेच्या शाळेत बसते तेथे कोणालाही ती पुन्हा छापता येईल. ज्या सीमाभागांनी आजवर एकमेकांना ठराव आणि तारा पाठवल्या, त्यांनी आता एकमेकांना पाने पाठवावीत.

आणि कागदाचे म्हणाल, तर आमच्या जिल्ह्याला कागदाची उणीव शोभत नाही. नेपानगरचा वृत्तपत्र-कागदाचा कारखाना १९५६ साली पंडित नेहरूंनी राष्ट्राला अर्पण केला. देशातील वृत्तपत्रांना या जिल्ह्याने कागद पुरवला. त्या कागदावर देशाच्या कितीतरी भाषांतील बातम्या छापल्या गेल्या. त्याच जिल्ह्यातील मुलांसाठी त्यांच्या मायबोलीतील चौसष्ट पाने छापली जाऊ नयेत, हे मनाला पटत नाही.

ज्यांना इंग्रजी येते त्यांनी रोज एक पान मराठीत करावे. ज्यांना संगणक येतो त्यांनी ते पान यंत्रावर पडताळून पाहावे. ज्यांना यातले काहीच येत नाही त्यांनी ते पान वाचून कोठे अडले तेवढे सांगावे, कारण आमच्या मते तेच सर्वांत मोलाचे काम आहे. शाळांच्या खोल्यांमधून कापडाखाली झाकलेली यंत्रे वाट पाहत आहेत. त्यांना मराठी आधीच येते. आता आपण त्यांच्याशेजारी एक पुस्तक ठेवायचे आहे.